एक दिवस किनाऱ्यावर

(नभोवाणीवरील भाषण)

प्रवासाची हकीकत सांगतों असें कोणी म्हटलें कीं, ऐकणाराच्या मनांत धास्ती उत्पन्न होते. सांगणारानें आपण काय काय पाहिलें त्याची यादी वाचून दाखवावयाची आणि ऐकणारानें "वा! वा!" म्हणत ती सोसावयाची, असा हा जुना व्यवहार आहे. मी आज आपणांस आरंभींच अभय देतों. गोव्यास जाऊन मीं पाहण्यासारखें कांहीं एक पाहिलें नाहीं. जुन्या गोव्यांतील चर्चें पाहिलीं नाहींत, मंगेशीचें दर्शन घेतलें नाहीं, समुद्राच्या वाळूस पाय लावला नाहीं. असें असूनही, जे थोडेसे दिवस मीं फुकट घालविले नाहींत असें मला वाटतें, त्यांत त्या दिवसाची गणना मी करतों. त्या एका दिवसाचीच ही हकीकत आहे.

गेल्या कांहीं वर्षांपासून मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून केवळ सहलीसाठीं मोठालीं जहाजें सुटूं लागलीं आहेत. संध्याकाळीं निघावें, रात्रभर समुद्रांतून जावें, सकाळीं मुरगांव बंदरास लागावें, उतारूंनीं दिवसभर गोव्यांत हिंडावें आणि संध्याकाळीं पुन्हा जहाजावर चढून तिसऱ्या दिवशीं सकाळीं मुंबईस यावें, असा त्यांचा एक क्रम असतो. पूर्वीची बोट माणसाला कोठें तरी पोंचवीत असे. ही बोट माणसाला जेथून उचलते तेथेंच परत आणून ठेवते. इतका खर्च करून आहे तेथेंच यावयाचें, हा प्रकार माझ्यासारख्या शाळामास्तरास प्रथम विपरीत वाटला. पण अण्णाच्या मुलानें चौघांचीं तिकिटें परस्पर काढून आणलीं, आणि काढलेलें तिकीट वांया घालविणें हें आमच्या पिढीच्या हातून होण्यासारखें नव्हतें.

आम्ही चौघे प्रभादेवीचे. चौघांचेही वडील गिरणींत कामाला, चौघांच्याही खोल्या एका चाळींत आणि शाळाही एकच. पुढें वाटा निराळ्या झाल्या. भाऊ रेल्वेंत गार्ड झाला, अण्णा बँकेंत कारकून झाला, तात्यानें बेस्टच्या बसवर कंडक्टरी केली आणि मी मॅट्रिक होऊन मुलांना बाराखडी शिकवूं लागलों. आतां चौघेही सेवानिवृत्त आहोंत. संध्याकाळीं कीर्ति कॉलेजाच्या मागल्या बाजूस समुद्रकांठीं बसावें, देशाच्या कारभाराची व्यवस्था लावावी आणि दिवेलागणीस घरीं परतावें, हा आमचा नित्यक्रम. समुद्राकडे रोज तोंड करून बसणारे आम्ही, परंतु तात्या सोडला तर त्या समुद्रावरून कोणी कोठें गेलेला नव्हता.

तात्या गेला होता, कारण तो मूळचा शिरोड्याचा. शिरोडें म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वेंगुर्लें तालुक्याचें, गोव्याच्या हद्दीलगतचें समुद्रकांठचें गांव. त्याचे वडील नोकरीसाठीं मुंबईस आले ते कोंकणच्या बोटीनें, आणि सात वर्षांचा असतांना तात्याही आईबरोबर आला तो त्याच बोटीनें. आजच्या तरुण श्रोत्यांस त्या बोटीची कल्पना यावयाची नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून ती सुटे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनीं १८४१ सालीं बांधलेला हा धक्का म्हणजे कोंकणी माणसाचा मुंबईचा उंबरठाच होता. तेथून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत ती पणजीस जाई. वेंगुर्ल्यास ती कांठाला लागत नसे. ती खोल पाण्यांत उभी राही आणि माणसें, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, फणस, सारें पडावांत घालून हेलकावत्या लाटांवरून तिच्यापर्यंत न्यावें लागे. पावसाळ्याचे महिने ती बंदच असे. कोंकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं पुरा खुला झाला. परंतु ती जुनी बोट त्यापूर्वींच काळाच्या पोटांत गडप झाली होती.

गेल्या डिसेंबरांतील एका गुरुवारीं संध्याकाळीं आमचें जहाज सुटलें. जहाज कसलें, तरंगती चाळच ती. फक्त आमच्या चाळीपेक्षां पुष्कळच स्वच्छ. पोहण्याचा हौद, नाचगाण्याचा दिवाणखाना आणि रात्रीं बारा वाजतांही खाणें मांडलेलें! आम्ही कठड्याशीं उभे होतों. कुलाब्याच्या टोकापलीकडचें प्राँग्जचें दीपगृह मागें पडलें आणि खांदेरीचा दिवा दिसूं लागला, तसा भाऊ गप्प झाला. ह्याच परिसरांत, काशाच्या खडकाजवळ, १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमचा जन्मही तेव्हां झालेला नव्हता. परंतु आमच्या लहानपणीं कोणी बोटीनें जावयास निघाला कीं, चाळींतल्या म्हाताऱ्या बायका त्याच्या हातावर दही घालीत आणि ‘रामदास’चें नांव मात्र तोंडाबाहेर काढीत नसत. तें न काढलेलें नांवच आमच्या कानांत राहिलें होतें. आमच्या पाठीमागें संगीत चाललें होतें. आम्हीं चौघांनीं न ठरवितां हात जोडले.

रात्रीं जेवणाच्या वेळीं अण्णानें दुसऱ्या दिवसाचें टांचण पुढें ठेवलें. बँकेंतला माणूस तो; एकेका स्थळास किती मिनिटें, टॅक्सीचे किती रुपये, माशांचें जेवण कोठें, सारें आंकडेवार लिहिलेलें. सकाळीं साडेआठला उतरावयाचें आणि संध्याकाळीं पांचच्या आंत जहाजावर यावयाचें. "पांच म्हणजे पांच," अण्णा म्हणाला. "जो मागें राहील त्याच्यासाठीं जहाज थांबत नाहीं, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें आहे." रेल्वेंत गार्ड म्हणून जन्म काढलेल्या भाऊस हा नियम फार पसंत पडला.

पहाटे पांचच्या सुमारास मला जाग आली तों तात्याचें अंथरूण रिकामें. मी वर गेलों. काळोख होता. कठड्याशीं मफलर गुंडाळून तात्या एकटाच उभा होता. दूर डाव्या हातास एक दिवा ठरलेल्या वेळानें उजळे आणि मालवे.

"वेंगुर्ल्याचा," तो म्हणाला. वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत जे खडक आहेत त्यांवरचें तें दीपगृह. "मे महिन्यांत गांवीं जातांना आई आम्हांला हलवून उठवी. दिवा दिसला, गांठोडीं बांधा, म्हणे."

मी कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें तो म्हणाला, "मास्तर, बाय तिकडे आहे."

"माहीत आहे."

"बावीस वर्षें झालीं."

"तेंही माहीत आहे."

"तुम्ही तिघे जुनें गोवें पाहून या. मी शिरोड्याला जाऊन येतों."

येथें मला तात्याच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. बाय म्हणजे त्याची थोरली बहीण, त्याच्याहून दहा वर्षांनीं मोठी. आई मुंबईस आली तेव्हां बाय आजीजवळ गांवींच राहिली. लग्न झालें, पण थोड्याच वर्षांत नवरा वारला आणि ती माहेरीं परत आली. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्या संपांत हजारों घरांप्रमाणें तात्याच्या वडिलांचीही नोकरी गेली, आणि तेही शिरोड्यास जाऊन राहिले. त्यांचें म्हातारपण बायनेंच काढलें. वडील गेल्यावर वाटणीचा प्रश्न निघाला. तात्याला मुंबईंतल्या खोलीपायीं पैशाची नड होती आणि घरालगतची काजूची बाग विकावी असें त्याचें म्हणणें होतें. बाय नको म्हणाली. बोलण्यावरून बोलणें वाढलें आणि तात्या तिला म्हणाला, "तूं ह्या घरांतली पाहुणी आहेस, मालकीण होऊं नकोस." आणि वाढलेल्या ताटावरून उठून तो मुंबईस निघून आला. बाग विकली गेली नाहीं. खोलीचा प्रश्नही कसाबसा सुटला. परंतु तें वाक्य मात्र त्या दोघांमध्यें तसेंच उभें राहिलें. कायदा कोणाच्या बाजूनें होता हें वकील सांगूं शकतील. तात्या कोणाच्या बाजूनें होता हें त्याला स्वतःला फार लौकर कळून चुकलें होतें. पण कळणें निराळें आणि तिकीट काढणें निराळें.

न्याहारीच्या वेळीं मीं दोघांस ही गोष्ट सांगितली. भाऊनें अण्णाचें टांचण उचललें, त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनें रेघा मारल्या आणि वेळापत्रक मांडलें. मुरगांव ते शिरोडें सुमारें ८० किलोमीटर. जावयास अडीच तास, यावयास अडीच तास, वाटेंतल्या खोळंब्यासाठीं पाऊण तास, बंदराच्या फाटकावरील तपासणीस अर्धा तास. उरले सवादोन तास. "होतें," भाऊ म्हणाला. "पण गाडी चौघांची. एकट्याला सोडणार नाहीं." अण्णानें आपल्या टांचणाकडे एकदां डोळे भरून पाहिलें आणि तें घडी घालून खिशांत ठेवलें.

आतां एक कबुली देतों. शिरोडें हें नांव ऐकून मला जो आनंद झाला तो तात्यासाठीं नव्हता. वि. स. खांडेकर १९२० सालीं ह्याच गांवांतल्या शाळेंत मास्तर म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथें राहिले. ज्यांच्या ‘ययाति’स पुढें ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्या थोर लेखकानें आपल्या उमेदीचीं अठरा वर्षें एका खेड्यांतल्या मुलांस शिकविण्यांत घालविलीं, ही गोष्ट आम्हां मास्तरलोकांस केवढी आधाराची वाटते हें इतरांस कळणार नाहीं. ती शाळा अद्याप चालूं आहे आणि त्यांचें स्मारकही तेथें आहे. मीं मनाशीं ठरवून टाकलें, कीं तात्याचें काम होईपर्यंत आपण शाळा पाहून यावयाची.

बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी मिळाली. हांकणारा पेडण्याचा निघाला, म्हणजे आम्हांस ज्या बाजूस जावयाचें त्याच बाजूचा. गोवें आम्हीं पाहिलें तें त्या गाडीच्या कांचेंतून. उत्तरेस जातांना एकामागून एक चार नद्या ओलांडाव्या लागतात. पहिली झुवारी, दुसरी मांडवी. मांडवीच्या उंच पुलावरून पणजीचा कांठ दिसला. त्या कांठाला पूर्वीं मुंबईची बोट लागे आणि कोंकणांतलीं माणसें पत्र्याच्या ट्रंका घेऊन उतरत. आज त्याच पाण्यावर जुगाराचीं जहाजें नांगरून आहेत. तात्यानें त्या बाजूस पाहिलें नाहीं. म्हापसें गेलें, कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी गेली, पेडणें गेलें. गाडींत कोणी बोलत नव्हतें. फक्त भाऊ मधूनमधून घड्याळ पाहून "वेळेवर" एवढेंच म्हणे.

चौथी नदी तेरेखोल. किरणपाणी येथें पूल ओलांडला कीं पलीकडचें आरोंदें महाराष्ट्रांत. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त होईपर्यंत ही नदी म्हणजे दोन देशांची सीमा होती. अल्याड पोर्तुगीज शिपाई, पल्याड आपले. आणि सोयरिकी मात्र दोहों तीरांवर! माणसानें रेघ कोठेंही मारावी, नातीं ती ओलांडून जातच असतात. हा विचार मला मोठा सुंदर वाटला आणि मीं तो बोलूनही दाखविला. तात्या म्हणाला, "मास्तर, थोडा वेळ गप्प बैस." त्याचा आवाज कांपत होता.

अकराच्या सुमारास आम्ही शिरोड्यांत शिरलों. डाव्या हातास दूर मिठागरें चकाकत होतीं. १९३० सालच्या मे महिन्यांत येथेंच मिठाचा सत्याग्रह झाला. माउलीच्या देवळाजवळ तात्यानें गाडी थांबवावयास सांगितली, तेथून एक वाट माडांतून आंत जाते. वाटेच्या तोंडाशीं येऊन तो उभा राहिला, आणि एक पाऊल पुढें टाकीना. बावीस वर्षें ज्यानें चालत्या बसमध्यें तोल सांवरला, त्याला त्या मातीच्या वाटेवर उभें राहवेना. शेवटीं भाऊनें त्याच्या दंडाला धरलें आणि गार्डाच्या अधिकारवाणीनें सांगितलें, "सिग्नल पडला आहे. चल."

खळ्यांत एक म्हातारी सूप घेऊन सुक्या मिरच्या निवडीत बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, अंगानें काटकुळी. चौघे पुरुष खळ्यांत येतांना पाहून तिनें कपाळावर हात धरून निरखून पाहिलें. तात्याच्या तोंडून शब्द फुटेना. तिनें सूप बाजूस ठेवलें आणि म्हणाली,

"इलंस? पाय धुवन घे."

एवढेंच. बावीस वर्षांचा हिशेब तिनें दोन वाक्यांत मिटविला. तात्या पायऱ्यांजवळच्या घागरींतलें पाणी पायांवर घेत होता, आणि तें पाणी किती वेळ घेत होता तें आम्हीं पाहिलें नाहीं असें आम्हीं केलें.

कसे आलांत, तिनें विचारलें. "बोटीनें," अण्णा म्हणाला. म्हातारीचा चेहरा उजळला. "बोट परत सुरू झाली? वेंगुर्ल्यार लागली?" आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. वेंगुर्ल्यावरून आमचें जहाज रात्रीं सरळ निघून गेलें, तेथें आतां कोणतीच बोट थांबत नाहीं, हें तिला सांगावयास कोणाची जीभ वळेना. शेवटीं अण्णाच म्हणाला, "मुरगांवास लागली. पांचला सुटते." त्यासरशी ती उठली. "मगे जेवन घेवा."

तिनें रांधलें होतें एकटीपुरतें. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचें तिखलें आणि सोलकढी. पुन्हा चूल घालण्यास वेळ नाहीं हें तिलाही कळत होतें. तिनें सहा ताटें मांडलीं. सहावें टॅक्सीवाल्याचें, त्यालाही तिनें आंत बोलाविलें होतें. एका माणसाचें जेवण सहा ठिकाणीं पडलें. वाट्यास किती आलें ह्याचा हिशेब अण्णानेंसुद्धां केला नाहीं. तिनें स्वतःच्या ताटांत काय वाढून घेतलें तें मीं पाहिलें, आणि पुढें माझ्यानें पाहवलें नाहीं. तात्यानें ताट पुसून स्वच्छ केलें. मग मान खालीं घालूनच म्हणाला,

"माजां चुकलां, बाय."

"आता तां खय काढतंस?" ती म्हणाली. "बोट चुकात तुजी."

ह्यानंतर दोघें भाऊबहीण मागल्या दारीं काजूच्या बागेंत गेलीं आणि आम्ही तिघे खळ्यांत बसलों. शाळा तेथून फार लांब नव्हती. मी सारखा घड्याळाकडे पाहत होतों. जाऊन येण्यास अर्धा तास पुरला असता. पण उठून जावें तर तेवढ्यांत तात्या यावयाचा, आणि माझ्यापायीं सर्वांचा खोळंबा व्हावयाचा. एकदां मी उठलोंही. भाऊनें नुसतें माझ्याकडे पाहिलें. मी बसलों. त्या वेळीं मला तात्याचा थोडासा रागही आला, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मोठ्या गोष्टी डोळ्यांसमोर घडत असतां माणसाचें मन स्वतःच्या लहानशा गोष्टीभोंवतीं कसें घुटमळत असतें, ह्याचा मला त्या खळ्यांत चांगला धडा मिळाला.

निघतांना बायनें कोकमांच्या आगळाची एक बाटली आणि काजूंचें पुरचुंडें तात्याच्या हातीं दिलें. बागेच्या वाटणीविषयीं एक अक्षरही निघालें नव्हतें. सातबारा जसा होता तसाच आहे. परतीच्या वाटेवर खांडेकरांची शाळा मला दिसली ती धांवत्या गाडींतून, केवळ तिचें फाटक.

परततांना एक संकट आलें. भाऊच्या वेळापत्रकांत एकच गोष्ट राहून गेली होती. तो दिवस शुक्रवार, आणि शुक्रवार हा म्हापशाच्या मोठ्या बाजाराचा दिवस! टोपल्या, टेंपो, स्कूटरी आणि माणसें यांच्या गर्दींत आमची गाडी मुंगीच्या पावलानें सरकूं लागली. साडेतीन वाजले. अण्णा, ज्याचें सारें गोवें बुडालें होतें, तोच सर्वांत शांत होता. तो म्हणाला, "जहाज गेलें तर गेलें. आपण रेल्वेनें जाऊं." तात्या एकदम हंसूं लागला. त्याचें तें हंसणें मीं कित्येक वर्षांत ऐकलें नव्हतें. पेडणेकर टॅक्सीवाल्यानें मात्र शर्थ केली. गल्लीबोळांतून त्यानें गाडी बाहेर काढली आणि पांचास दहा मिनिटें असतां आम्ही मुरगांवच्या जिन्याशीं पोंचलों.

तेथें आगळाची बाटली अडली. बाहेरचे खाण्यापिण्याचे पदार्थ वर नेण्यास मनाई होती. पहारेकऱ्यानें बाटली उजेडांत धरून तिच्यांतील गडद लाल द्रवाकडे संशयानें पाहिलें. "ही दारू नव्हे," मीं मास्तरी आवाजांत समजावूं लागलों. तो भला माणूस होता. त्यानें बाटलीवर खोलीचा क्रमांक चिकटविला आणि मुंबईस उतरतांना ती परत मिळेल अशी पावती दिली. तात्यानें ती पावती जपून पाकिटांत ठेवली. बरोबर ठरल्या वेळीं जहाज सुटलें. रात्रीं वेंगुर्ल्याचा दिवा पुन्हा दिसला असेल. तात्या तेव्हां गाढ झोंपला होता.

श्रोतेहो, त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करीत आहें. मुंबईहून शिरोड्याकडे जावयास कांहीं अडचण होती काय? कोंकण रेल्वे रोज धांवते. सावंतवाडीस उतरावें, तेथून बस मिळते. रात्रीच्या मोटारी आहेत. गेल्या बावीस वर्षांत एक दिवस असा गेला नसेल, कीं ज्या दिवशीं तात्याला मनांत आणतां बहिणीकडे जातां आलें नसतें. आणि तो गेला केव्हां? तर जें जहाज शिरोड्यास जात नाहीं, वेंगुर्ल्यास थांबत नाहीं, आणि संध्याकाळीं पांचच्या पुढें कोणासाठीं एक क्षणही खोळंबत नाहीं, अशा जहाजावर बसल्यानंतर!

मला वाटतें, ह्याचें कारण त्या पांच वाजण्यांतच आहे. जी गोष्ट उद्यांही करतां येते ती आपण आज करीत नाहीं. आणि जी कोणत्याही दिवशीं करतां येते ती कोणत्याच दिवशीं करीत नाहीं. सणाला जाऊं, मे महिन्यांत जाऊं, पाऊस संपल्यावर जाऊं, असें म्हणतां म्हणतां घरांतलें माणूस पंचाहत्तरी ओलांडतें आणि आपल्या डोक्यावर केस उरत नाहींत. त्या दिवशीं तात्यापुढें पुष्कळ वेळ नव्हता. सवादोन तास होते. तेवढ्या वेळांत रुसण्यास जागा नव्हती, पूर्वीचे दाखले काढण्यास जागा नव्हती, आधीं कोणी बोलावें हा प्रश्नही काढण्यास जागा नव्हती. पाय धुणें, जेवणें, एक वाक्य बोलणें, एवढ्यापुरतीच सवड होती. आणि तेवढेंच करावयाचें होतें. वेळ थोडा म्हणून आपण नेहमीं तक्रार करतों. माझा अनुभव असा, कीं फार वेळ आहे ह्या समजुतीनेंच आपलें अधिक नुकसान केलें आहे. प्रत्येकाचें जहाज केव्हां तरी सुटावयाचें आहेच. त्याची वेळ छापून हातीं दिलेली नसते, एवढाच काय तो फरक.

मुंबईस उतरतांना बाटली परत मिळाली. त्या रविवारीं तात्याच्या घरीं आम्हां सर्वांस सोलकढी मिळाली. तेव्हांपासून तात्या दोनदां शिरोड्यास जाऊन आला, दोन्ही वेळां रेल्वेनें.

आतां राहिली माझी गोष्ट. खांडेकरांची शाळा मला पाहावयाची आहे. तेथें जावयास रोज गाडी आहे, आणि म्हणूनच मला माझी स्वतःची धास्ती वाटत होती. गेल्या खेपेस परत आल्यावर तात्यानें मला बायचा निरोप सांगितला, "मास्तरांना ह्या वेळीं घेऊन ये. त्यांचें शाळेंत कांहीं काम राहिलें आहे." मी त्या म्हातारीस शाळेविषयीं एक शब्दही बोललों नव्हतों. खळ्यांत बसल्या बसल्या माझे डोळे सारखे घड्याळाकडे आणि गांवाकडे जात होते, तें तिनें तेवढ्या गडबडींतही पाहिलें होतें, आणि कारण तिनें तात्याला विचारून घेतलें होतें.

मीं तिकीट काढलें आहे.